रायडन कधी येणार?

गेल्या दिवाळीत माझा भाचा नाशिकहून चार दिवसांसाठी आमच्याकडे पुण्याला आला होता. भाऊबीजेचे ओवाळून होताच त्याने माझ्या मुलीचा कन्सोल ताब्यात घेतला आणि चकलीचा डबा मांडीशी घेऊन २०२३ साली आलेल्या 'मास्टर कलेक्शन'मधला 'मेटल गिअर सॉलिड २' हा व्हिडिओ गेम सुरू केला. मी आतल्या खोलीत होतो; हॅरी ग्रेगसन-विल्यम्सचे ते संगीत ऐकू आल्यावर हातातले काम टाकून बाहेर आलो आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर जॉर्ज वॉशिंग्टन पूल होता, पाऊस कोसळत होता, रेनकोट घातलेला एक माणूस वाहनांच्या कडेकडेने पाठमोरा चालला होता. त्याने सिगारेट फेकली, तो धावत सुटला, दिसेनासा झाला आणि पुलावरून खालून जाणाऱ्या जहाजावर त्याने उडी घेतली. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हरकत नाही. पुढचा अर्धा तास मी भाच्याला काय काय दाखवत होतो: जहाजाच्या बारमधल्या बाटल्या गोळीने एकेक करून कशा फुटतात, सांडलेले बर्फाचे खडे कसे वेगवेगळे वितळतात, ओल्या डेकवर उभा राहिल्यावर स्नेकला, म्हणजे त्या रेनकोटवाल्या नायकाला, शिंक कशी येते आणि त्या शिंकेने पहारेकरी कसा सावध होतो. भाचा मान डोलावत होता. मग त्याने खेळ थांबवला, माझ्याकडे वळून पाहिले आणि अगदी निरागसपणे विचारले, "मामा, हा म्हातारा कधी संपणार? रायडन कधी येणार?"

मला उत्तर सुचले नाही.

ज्यांनी हा खेळ २००१ साली खेळला आहे, त्यांना या प्रश्नातला उलटेपणा सांगावा लागणार नाही. आमच्या पिढीने बरोबर याच्या उलट प्रश्न विचारला होता, आणि तोही दात-ओठ खाऊन. भाच्याच्या दृष्टीने रायडन म्हणजे २०१३ च्या 'मेटल गिअर रायझिंग'मधला, हातात तलवार घेऊन लोखंडी राक्षसांचे काकडीसारखे काप करणारा, अर्धा माणूस अर्धा यंत्र असा लढवय्या. त्याच्या मोबाइलमध्ये रायडनची चित्रे आहेत, त्याच्या गाण्यांच्या यादीत त्या खेळातली गाणी आहेत. रायडनचे पूर्वचरित्र पाहायचे म्हणून तो हा जुना खेळ खेळायला बसला होता आणि स्नेक त्याच्या वाटेतला अडथळा होता. प्रश्न साधा होता, पण तो चार दिवस माझ्या डोक्यात घुमत राहिला. भाचा गेल्यावरही घुमत राहिला. कुणीतरी माझा एक जुना, नीट घडी घालून ठेवलेला राग कपाटातून काढून बोहारणीला देऊन टाकला, असे काहीसे मला वाटत होते.

त्या रागाचे घर होते जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरजवळची एक दोन खोल्यांची जागा. आम्ही चौघे तिथे राहत होतो. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला होता, ज्या कंत्राटी कंपनीने मला अमेरिकेत आणले तिने मला 'बेंच'वर, म्हणजे कामाविना, बसवले होते, आणि बेंचवर बसणे म्हणजे काय हे त्या वर्षी तिथे असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारावे. आमच्यातल्या विजयवाड्याच्या मित्राची नोकरी शाबूत होती. त्यामुळे प्लेस्टेशन २ त्याचा होता आणि त्यावर पहिला हक्कही त्याचाच होता. मी आणि सांगलीचा एक जण दिवसभर रिकामे, म्हणून प्रत्यक्षात तो आमचाच झाला होता. मे २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात दाखवलेली त्या खेळाची सुमारे नऊ मिनिटांची झलक आम्ही संगणकावर, धुरकट, टपाल-तिकिटाएवढ्या खिडकीत इतक्या वेळा पाहिली होती की त्यातला प्रत्येक आवाज पाठ होता. पुढच्या वसंत ऋतूत 'झोन ऑफ द एंडर्स' नावाच्या दुसऱ्याच एका खेळाबरोबर जहाजावरच्या प्रकरणाची नमुना-तबकडी मिळू लागली. लोकांनी तो खेळ केवळ त्या तबकडीसाठी विकत घेतला, असे सर्रास बोलले जाई. आमच्या घरात तरी ते शंभर टक्के खरे होते. मूळ खेळ आम्ही महिनाभर उघडूनही पाहिला नाही.

नमुन्यात स्नेक होता, झलकेत स्नेक होता, जाहिरातींतल्या काही दृश्यांत तर पुढे रायडनच्या वाट्याला येणाऱ्या ठिकाणी मुद्दाम स्नेकच उभा केलेला होता. नोव्हेंबर २००१ च्या मध्यावर खेळ हातात आला, आम्ही पाठ झालेले जहाजाचे प्रकरण पुन्हा भक्तिभावाने खेळलो, जहाज बुडाले आणि पडद्यावर दोन वर्षांनंतरचा काळ उगवला. पाण्यातून मुखवटा घातलेला कुणी पोहत येतो. पहिल्या भागातल्या कर्नल कॅम्पबेलचा ओळखीचा आवाज त्याला स्नेक म्हणतो, पण त्याचा स्वतःचा आवाज काही जुळत नाही. थोड्याच वेळात कर्नल त्याचे सांकेतिक नाव बदलतो. मग लिफ्ट वर जाऊ लागते, तो मुखवटा काढतो आणि आतून बाहेर येतात फिकट सोनेरी केस आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शोभेल असा कोवळा चेहरा. सांगलीचा मित्र काही क्षण पाहत राहिला आणि म्हणाला, "हे कोण बेणं?" आम्हाला वाटले, एखादे प्रकरण हा पोरगा, मग पुन्हा स्नेक. तास गेले, रात्र गेली, आणि हळूहळू लक्षात आले की उरलेला सगळा खेळ याच पोराचा आहे. तो पक्ष्यांच्या विष्ठेवरून घसरून पडतो. खेळ साठवायचा म्हटले की त्याची प्रेयसी रोझ त्याला उद्या कोणता दिवस आहे हे आठवतेय का, असे विचारत बसते. शेवटाकडे तर तो अंगावर एक कपडा नसताना, दोन्ही हातांनी लाज झाकत पळतो. स्नेक मधूनमधून भेटतो, पण दुसऱ्याच नावाने, दुरून, आणि आपल्या हाती कधीच लागत नाही. लग्नाला बोलावून पंगतीत दुसऱ्याच कुणाच्या बारशाचे जेवण वाढावे तसे आम्हाला वाटले.

याच आठवड्यांत आम्ही परीक्षणे वाचत होतो, आणि तिथे मात्र वेगळेच चालले होते. आयजीएनने दहापैकी ९.७ गुण दिले, गेमस्पॉटने ९.६, जपानच्या फामित्सू साप्ताहिकाने चाळीसपैकी ३८. मेटाक्रिटिकवर सगळ्यांची सरासरी आजही १०० पैकी ९६ दिसते. १९९८ च्या ज्या पहिल्या भागाने आम्हाला वेड लावले होते त्याची ९४ आहे. परीक्षकांनी चित्रांचे, आवाजाचे, पहारेकऱ्यांच्या हुशारीचे तोंड भरून कौतुक केले होते, आणि ते कौतुक अगदी रास्त होते. पहारेकऱ्याच्या कमरेचा रेडिओ आधी गोळीने उडवायचा, म्हणजे त्याला कुमक बोलावता येत नाही. पण त्याने वेळेवर खबर दिली नाही म्हणून वरचे लोक संशयाने शोधपथक पाठवतात, इतका बारीक विचार तोवर कुठल्या लपाछपीच्या खेळात कुणी केला नव्हता. भिंतीआडून सावली पुढे पडली तरी पहारेकरी ती पाहतो. बेशुद्ध केलेला माणूस लॉकरमध्ये कोंबावा लागतो. या सगळ्यावर परिच्छेदच्या परिच्छेद होते. कथेविषयी मात्र तक्रारीचा सूर होता: ती गुंतागुंतीची आहे, संवाद लांबतात, कटसीन, म्हणजे नुसती पाहत बसायची दृश्ये, संपता संपत नाहीत. तेही खरेच होते. आमच्याकडे एकदा मी वरण-भाताचा कुकर लावून आलो, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून परत आलो, तरी कोडेकवरचे, म्हणजे खेळातल्या रेडिओवरचे, ते दोन हिरवे चेहरे बोलतच होते.

मला तेव्हा न समजलेली आणि आता फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्या परीक्षकांचे हात बांधलेले होते. खेळातले सर्वांत मोठे रहस्य म्हणजे त्याचा नायकच. ते फोडले असते तर वाचकांनी त्यांना सोडले नसते, म्हणून बरेच जण कथेच्या जवळ आले की मोघम होत. ज्या एका गोष्टीविषयी वाद घालायला हवा होता तिच्याविषयीच बोलायची सोय नव्हती, आणि मग न बोललेल्या सगळ्याचा भार त्या आकड्यावर पडत होता. ९.७ म्हणजे नेमके काय, हे आम्ही रात्री एक वाजता जर्नल स्क्वेअरच्या थंडीत कडवटपणे एकमेकांना विचारत होतो. त्या हिवाळ्यातली खरी समीक्षा, जिच्यात राग होता, ती आमच्यासारख्यांच्या खोल्यांतच चालली होती.

खेळाचे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी हे का केले याचा एक खुलासा प्रसिद्ध आहे. स्नेक आतून कसा वाटतो हे आपण एकदा अनुभवलेले आहे; आता त्याची थोरवी बाहेरून दिसावी, जशी होम्सची हुशारी वॉटसनच्या डोळ्यांनी दिसते, अशी त्यांची कल्पना होती. खुलासा सुरेख आहे, पण खेळ त्याच्याही पुढे जातो. शेवटी उघड होते की 'बिग शेल' या समुद्रातल्या तळावरचे सगळे नाट्य हे पहिल्या भागातल्या शॅडो मोझेसच्या घटनांची मुद्दाम मांडलेली नक्कल होती, एका कच्च्या पोराला स्नेक बनवता येते का हे तपासण्यासाठी. निंजा, विचित्र खलनायकांची टोळी, ओळख पटवता पटवता हृदय बंद पडून मरणारा ओलीस, सारे परत आलेले. दुसरा भाग पहिल्याचीच री ओढतो, ही आमची तक्रार खेळाने आधीच लिहून ठेवलेली होती. आणि रायडन कोण? ज्याने शॅडो मोझेसची मोहीम केवळ आभासी प्रशिक्षणात पार पाडली आहे आणि त्या जोरावर स्वतःला स्नेकच्या तोडीचा समजतो असा मुलगा. म्हणजे सोफ्यावर बसलेले आम्ही चौघे. आम्ही ज्याला बेणं म्हणत होतो त्याचा चेहरा आरशातला होता, आणि हे आम्हाला त्या वेळी अजिबात कळले नाही.

त्या वेळी आणखी एक गोष्ट आमच्या आणि त्या खेळाच्या मध्ये उभी होती, आणि तिच्याविषयी परीक्षणांत एखाद-दुसरे वाक्यच असे. खेळ पूर्ण होत आला असताना ११ सप्टेंबर उजाडला होता. कथेच्या शेवटी आर्सेनल गिअर नावाचे प्रचंड जहाज मॅनहॅटनमध्ये घुसते. ती विध्वंसाची दृश्ये निर्मात्यांनी काढून टाकली. जपानी आवृत्तीत रायडनचे नाव कताकाना लिपीत 'बिन लादेन'च्या आडनावाशी फार जुळू लागले म्हणून ते कांजीत लिहिले गेले. परिणाम असा की खेळात जहाज शहराच्या दिशेने निघते आणि पुढच्याच क्षणी रायडन आणि खलनायक सॉलिडस वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलच्या छतावर समोरासमोर उभे असतात. मधले काहीच नाही. कथा तुटक आहे, अशी तक्रार मी स्वतः त्या रात्री केल्याचे मला आठवते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून नदीपलीकडचे आकाश दिसायचे, आणि त्यात दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जे होते ते आता नव्हते. ढिगाऱ्यातली आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. वारा पूर्वेकडून आला की जळक्या वायरीसारखा, प्लॅस्टिकसारखा, नाव न देता येणारा वास यायचा आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. न्यूयॉर्कला नेणाऱ्या पाथ गाडीची एक्स्चेंज प्लेसची आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरची दोन्ही स्थानके बंद होती. अशा वेळी पडद्यावर, त्या ढिगाऱ्यापासून चालत दहाएक मिनिटांवरच्या छतावर दोन माणसे तलवारी घेऊन लढत होती, आणि आम्ही चौघांनी त्या जागेविषयी अवाक्षरही काढले नाही. आम्ही रायडनच्या केसांना नावे ठेवली. ते सोपे होते.

नंतरच्या वर्षांत काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. २००४ मध्ये तिसरा भाग आला, काळ मागे १९६४ मध्ये गेला, नायक पुन्हा कणखर आवाजाचा झाला आणि रायडनसारख्या दिसणाऱ्या एका रशियन मेजरची त्यात यथेच्छ टिंगल होती. जणू कोजिमा यांनीच कान पकडले, असा समज करून घेऊन आम्ही त्यांना मोठ्या मनाने माफ केले. आज रसिकांना विचारले तर मालिकेतला उत्तम भाग म्हणून पुष्कळ जण तिसऱ्याचे नाव घेतात. पण मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ९१ आहे. ज्याने सगळ्यांना चिडवले त्याला ९६ आणि ज्याने सगळ्यांना शांत केले त्याला ९१, या दोन आकड्यांकडे पाहून मला अजूनही हसू येते. २००८ च्या चौथ्या भागात रायडन तलवारबाज होऊन परतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भाच्याच्या रायडनचा जन्म झाला.

मग दुसऱ्या भागाकडे पाहण्याची नजर पालटली. पहिला उत्तर-आधुनिक खेळ म्हणून त्याच्यावर निबंध आले, तासतासभराचे व्हिडिओ आले. खेळाच्या अखेरीस कर्नल हा मुळी माणूसच नव्हता, ती एक यंत्रणा होती हे कळते, आणि ती यंत्रणा रायडनला एक लांबलचक व्याख्यान देते: क्षुल्लक माहितीचा कचरा साचत चालला आहे, जो तो आपापल्या छोट्या कुंपणात शिरून सोयीचे सत्य उगाळतो आहे, कुणीच खोटे ठरत नाही म्हणून कुणीच खरेही ठरत नाही, तेव्हा काय टिकावे हे आम्ही ठरवू. समाजमाध्यमांच्या काळात हे व्याख्यान भविष्यवाणी म्हणून फिरू लागले. भाच्यानेही ते आधीच पाहिलेले होते. "मामा, २००१ मध्ये त्यांना हे सगळं माहीत होतं!" असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत कौतुक होते आणि माझ्या मनात किंचित मत्सर होता. भविष्यवाणी हा शब्द मला जरा जास्त वाटतो. कोजिमा यांनी पहिल्या भागात जनुकांचा विषय घेतला होता, दुसऱ्यात मीमचा, म्हणजे माणसांमाणसांत पसरत जाणाऱ्या कल्पनांचा. आणि मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्येच घडवलेला होता. नव्वदच्या दशकातले इंटरनेट ज्याने डोळे उघडे ठेवून वापरले होते त्याला ही चिन्हे दिसत होती. कोजिमा यांची थोरवी ही की ती त्यांनी दहा-बारा तासांच्या लपाछपीच्या शेवटी, दमलेल्या आणि वैतागलेल्या माणसाच्या कानात ओतली.

माझी अडचण नेमकी इथे आहे. तो माणूस दमलेला आणि वैतागलेला असणे आवश्यक होते. तुझी निवड तुझी नव्हती, तुला हवे ते आम्ही दाखवले आणि तू पळत आलास, असे जेव्हा यंत्रणा म्हणते तेव्हा ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरे होते. आम्ही नऊ मिनिटांच्या झलकेमागे दीड वर्ष पळत आलो होतो आणि फसवले गेलो होतो. आमचा राग हा त्या खेळाचा शेवटचा सुटा भाग होता, जो तबकडीत नव्हता, जो आम्ही घरून आणायचा होता. आज नव्याने खेळणाऱ्याला रायडनचे गुपित आधीच ठाऊक असते, खेळ थोर आहे हेही ठाऊक असते. त्याला अर्थ आयता मिळतो आणि फसवणूक मिळत नाही. तेव्हाच्या परीक्षकांना कळले नाही म्हणून त्यांना हसणारे व्हिडिओ पाहिले की मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. संवाद लांबट आहेतच. एमा नावाच्या मुलीचा हात धरून तिला पाण्यातून नेणे कंटाळवाणे आहेच. ज्यांनी आठवड्याभरात, तोंडाला कुलूप लावून, त्या चक्रव्यूहातून बाहेर येऊन काहीतरी लिहिले, त्यांनी बर्फाच्या खड्यांविषयी लिहिले तर काय चुकले? बर्फाचे खडे खरोखर सुंदर होते.

हे सगळे मी भाच्याला सांगितले नाही. सांगून राग थोडाच येतो! चौथ्या दिवशी सकाळी, त्याच्या बसची वेळ जवळ आलेली असताना, तो घाईघाईने शेवटाला पोहोचला. फेडरल हॉलच्या छतावरची लढाई त्याने दुसऱ्या प्रयत्नात जिंकली. ३० एप्रिलचा दिवस, वॉशिंग्टनच्या शपथेचा, खाली रस्त्यावर माणसांची वर्दळ, आणि गर्दीत स्नेक रायडनशी बोलत उभा. ताई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडली की बॅग भर. रायडनने गळ्यातले ओळखपट्टीचे लॉकेट हातात घेतले.

पहिल्या दिवशी, बिग शेलवरच्या पहिल्याच संगणकापाशी खेळाने नाव, जन्मतारीख, रक्तगट विचारला होता तेव्हा भाच्याने मला विचारले होते, "मामा, काय घालू?" मी म्हणालो होतो, खरे काय असेल ते घाल. त्याने घातले, अगदी आडनावासकट, आणि विसरून गेला. आता पडद्यावर ती पट्टी उलगडली आणि तिच्यावर त्याचे नाव होते. स्नेकने विचारले, ओळखीचे कुणी आहे का? रायडन म्हणाला, नाही, हे नाव कधी ऐकलेलेही नाही. आणि त्याने ती पट्टी दूर भिरकावून दिली.

"ए!" भाचा उभाच राहिला. मांडीवरचा डबा कलंडला. "फेकलं? माझं नाव फेकलं त्याने?" त्याने माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, मामा. म्हणजे असेल, पण... अरे, चार दिवस मी त्याला वाचवतोय!"

मी गालिच्यावर सांडलेला चकलीचा चुरा गोळा करू लागलो, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसू नये.